बाखचा ऑर्गन आणि नव्वद-शंभर जणांचा ऑर्केस्ट्रा : स्टोकोव्स्की, एल्गर, शोनबर्ग आणि इतर उचापतखोर

उत्तररात्र

बाखचा डी मायनरमधला टोकाटा आणि फ्यूग (टोकाटा म्हणजे बोटांची करामत दाखवणारा तुकडा, फ्यूग म्हणजे एकच थीम एकेका आवाजात पाठोपाठ येते ती रचना, आणि बीडब्ल्यूव्ही ५६५ हा बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) नाव माहीत नसलं तरी ऐकलेला सगळ्यांनीच असतो, पडक्या वाड्यात कुणी मेणबत्ती घेऊन जिना चढायला लागलं की मागे वाजतो तोच. मूळ ऑर्गनचा. पण बऱ्याच जणांच्या कानात तो बसलाय कंडक्टर लिओपोल्ड स्टोकोव्स्कीच्या ऑर्केस्ट्रातून, म्हणजे डिस्नेच्या 'फँटेझिया'च्या (१९४०) अगदी पहिल्या भागातून, आणि मग कधीतरी खरा ऑर्गन ऐकला की हे काय, एवढं कोरडं का असं वाटतं. उलटंही होतं, ऑर्गनवर वाढलेल्याला स्टोकोव्स्की ऐकून ओशाळल्यासारखं होतं.

सध्या मी ही ऑर्केस्ट्राची ट्रान्सक्रिप्शन्स (एका वाद्याचं संगीत दुसऱ्या वाद्यांसाठी लिहून काढलेलं) ओळीने ऐकतोय आणि एक मत बनलंय ते मांडतो, मग तुम्ही झोडा. स्टोकोव्स्कीला दिखाऊ, सिनेमावाला म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं या सगळ्या मंडळींत ऑर्गन आतून कळलेला तोच सगळ्यात जास्त, कारण तो मुळात ऑर्गनवालाच. लंडनला पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चमध्ये वाजवायचा, मग १९०५ ते १९०८ न्यूयॉर्कच्या सेंट बार्थोलोम्यूमध्ये, कंडक्टरकी त्यानंतरची, फिलाडेल्फियाचा ऑर्केस्ट्रा मिळाला १९१२ ला.

आता हे बघा. ऑर्गनच्या पाइपात हवेचा दाब एकसारखा असतो. की दाबून ठेवलीत की सूर तसाच राहतो, पियानोसारखा विरत नाही आणि गायकासारखा श्वासही घेत नाही. ऑर्केस्ट्रात हे कठीण, व्हायोलिनचा गज कधीतरी संपतो, उलटा फिरवावा लागतो, आणि नेहमीच्या ऑर्केस्ट्रात अख्ख्या सेक्शनचे गज एकदम फिरतात त्यामुळे तिथे बारीकसा सांधा ऐकू येतो. स्टोकोव्स्कीने फिलाडेल्फियाच्या वादकांना सांगून टाकलं की ज्याला जेव्हा फिरवायचाय तेव्हा फिरवा, शेजाऱ्याकडे बघू नका. परिणाम काय तर सांधाच नाही, अखंड आवाज. फुंकवाद्यवाल्यांनाही एकाच जागी श्वास घ्यायचा नाही. लोक ज्याला फिलाडेल्फिया साउंड म्हणून डोक्यावर घेतात तो बराचसा एका ऑर्गनवाल्याचा हट्ट आहे असं माझं म्हणणं.

दुसरं म्हणजे स्टॉप्स. ऑर्गनमध्ये ८ फुटी पाइप लिहिलेला सूर देतो, १६ फुटी त्याच्या एक सप्तक खालचा, ४ फुटी एक सप्तक वरचा. एकच की, पण तीन सप्तकांत सूर. शिवाय मिक्स्चर म्हणून बारीक पाइपांच्या रांगा असतात त्या वरचे पंचम वगैरे भरतात, ते वेगळे ऐकू येत नाहीत पण आवाजाला धार येते. स्टोकोव्स्कीच्या स्कोअरमध्ये हेच चाललेलं असतं, चेलोखाली डबल बेस, व्हायोलिनच्या वर बासऱ्या, आणि पॅसेज बदलला की अख्खी फळीच बदलते, स्टॉप ओढल्यासारखी. सी मायनर पासाकाल्याचं (बीडब्ल्यूव्ही ५८२) त्याचं ट्रान्सक्रिप्शन १९२२ चं. मुळात ८ मापांची थीम एकट्या पेडलवर (पायाच्या कीबोर्डवर) येते, मग तिच्यावर २० व्हेरिएशन्स आणि शेवटी फ्यूग. तो थीम चेलो-डबल बेसवर अशी दबक्या आवाजात काढतो की पुढे काय डोंगर चढायचाय याचा पत्ता लागत नाही.

ऑर्गनवर एकटा सूर हळूहळू वाढवता येत नाही, किमान बाखच्या जर्मनीतल्या ऑर्गनवर तरी नाही, आणि इथे मात्र स्टोकोव्स्की मोकाट सुटतो हे मान्य. तेवढ्यासाठी बाकीचं सगळं मोडीत काढायचं का, एवढाच प्रश्न.

चिकूची_फोड

लेख छान, मत अमान्य :)

फ्यूगमध्ये चार आवाज, म्हणजे चार स्वतंत्र सुरावटी, सारख्या मानाचे असतात. ऑर्केस्ट्रा आला की कंडक्टर ठरवतो आत्ता हॉर्न ऐका, आता ओबो ऐका. मला कोण सांगणार काय ऐकायचं? वरणभातावर चीज किसून घालायचं आणि वर म्हणायचं बघा कसा खुलला. बाखला ऑर्केस्ट्रा हवा असता तर त्याच्याकडे होता की, लाइपझिगला दर आठवड्याला कँटाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना) करत होता माणूस. ऑर्गनसाठी लिहिलं ते ऑर्गनसाठीच लिहिलं.

उत्तररात्र

चिकू, तुमच्याच मुद्द्यावर तुम्हाला पकडतो. कँटाटा क्र. २९ काढा, २७ ऑगस्ट १७३१, लाइपझिगच्या नगर परिषदेच्या निवडीचा सोहळा. सुरुवातीचा सिंफोनिया (नुसत्या वाद्यांचा तुकडा) ऐका. ते एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या ई मेजर पार्टिटाचं प्रेल्युड आहे, बाखचंच, ते त्याने डी मेजरला आणून ऑर्गनच्या हातात दिलं आणि भोवती तीन ट्रम्पेट, टिंपनी, ओबो, तंतुवाद्यं असा सगळा बँडबाजा लावला. म्हणजे चार तारांवरचा एकट्याचा तुकडा त्याने स्वतः ऑर्केस्ट्रात नेला, आणि काय नेलाय! वायमारला असताना १७१३-१४ च्या सुमारास विवाल्दीचे कॉन्सर्टो उचलून ऑर्गनवर आणि हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कीबोर्ड वाद्य) बसवले ते वेगळंच. चार व्हायोलिनांचा विवाल्दी चार हार्पसिकॉर्डांचा झाला. अमुक वाद्यासाठी म्हणजे अमुकच, हा सोवळेपणा बाखच्या घरी नव्हता.

चिकूची_फोड

बाखने बाखचं केलं तर तो मालक आहे. इंग्लंडचा एल्गर, त्यानेही बाखचा ऑर्गन ऑर्केस्ट्रात नेला, तो कोण लागून गेला?

तिसरी_घंटा

एक बाळबोध प्रश्न, हसू नका. आमच्या डोळ्यासमोर ऑर्गन म्हणजे संगीत नाटकात पिटात असायचा तो. तोच का हा?

वसईचा_अल्टो

तिसरी घंटा, हसण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं तसंच होतं. नाटकातला ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायचा रीड ऑर्गन, आत पितळी पट्ट्या थरथरतात, पेटीचाच मोठा भाऊ. बाखचा तो पाइप ऑर्गन, शेकडो ते हजारो पाइप, सर्वात मोठे उभ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच, हाताला दोन-तीन कीबोर्ड आणि पायाला वेगळा पेडलबोर्ड. भात्यासाठी तेव्हा वेगळी माणसं लागायची. मुंबईत बघायचा तर सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये आहे, कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आहे. आमच्याकडे चर्चमध्ये इलेक्ट्रॉनिक आहे पण पेडल आहेत, आणि ज्याने पायाने फ्यूग वाजवायचा प्रयत्न केलाय त्याला डबल बेसवाल्यांचा हेवा वाटतो एवढंच सांगतो.

मूळ विषयावर. उत्तररात्र म्हणतात ते स्टॉप्सचं पटलं, आणि ते उलट्या बाजूनेही तपासता येतं. रावेलच्या बोलेरोत (१९२८) मध्येच एके ठिकाणी हॉर्न आणि चेलेस्टा (घंट्यांसारखं वाजणारं छोटं कीबोर्ड वाद्य) धून वाजवतात आणि त्यांच्या वर दोन पिकोलो तीच धून भलत्याच सुरांवरून समांतर वाजवतात. कागदावर बघितलं तर वाटतं छपाईची चूक. ऐकायला मात्र एक विचित्र नवंच वाद्य, म्हणजे सरळसरळ ऑर्गनचा मिक्स्चर. तिथे बाख नाही, ऑर्गनही नाही, पण ऑर्गनचं डोकं आहे.

सहा_आवाज

धागाकर्त्यांनी स्टोकोव्स्कीला बराच वेळ दिला, आता जरा व्हिएन्नाकडे वळूया का.

चिकूताई म्हणतात की ऑर्केस्ट्रा आपल्याला काय ऐकायचं ते सांगतो. तिथला विसाव्या शतकातला संगीतकार शोनबर्ग, त्याचं म्हणणं होतं हो, सांगतो आणि सांगायलाच हवं. ई फ्लॅटमधलं प्रेल्युड आणि फ्यूग (बीडब्ल्यूव्ही ५५२, बाखने १७३९ ला छापलेलं, इंग्लिश लोक सेंट ॲन म्हणतात) त्याने १९२८ ला भल्यामोठ्या ऑर्केस्ट्रासाठी केलं. आजच्या कानाला प्रत्येक आवाज आणि त्यातला प्रत्येक छोटा मोटिफ स्वच्छ ऐकू यायला हवा, ऑर्गनवर सगळं एकाच रंगाचं होऊन एकमेकांत बुडतं, आणि बाखच्या काळी नक्की कोणते स्टॉप लावत याची आपल्याला कुठे खात्री आहे, अशी त्याची भूमिका. मग तो ग्लॉकनश्पील काय, चेलेस्टा काय, हार्प काय, सगळं वापरतो. चैन म्हणून नव्हे हां, थीमचा एक तुकडा आतल्या आवाजात कुठे आला हे बोट ठेवून दाखवायला. ऐकायला ते मला कधीकधी रंगीत खडूंनी खुणा केलेल्या पाठ्यपुस्तकासारखं वाटतं, पण त्या खुणांमुळेच मला तो फ्यूग कळला हेही खरं.

आणि त्याचा शिष्य वेबर्न तर त्याच्याही पुढे. 'म्युझिकल ऑफरिंग'मधला सहा आवाजांचा रिचेरकार (फ्यूगचाच जुना प्रकार). पार्श्वभूमी थोडक्यात : मे १७४७, पॉट्सडॅम, प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा बाखला एक वाकडीतिकडी थीम देतो, बाख तिच्यावर जागच्या जागी फ्यूग वाजवून दाखवतो, राजा म्हणतो आता सहा आवाजांत होऊ दे, तेव्हा बाख सहा आवाज वाजवतो पण स्वतःच्या दुसऱ्या थीमवर, आणि राजाच्या थीमचं काम घरी जाऊन कागदावर करून पाठवतो. ते कीबोर्डचंच संगीत, दहा बोटांत बसतं, कसंबसं.

वेबर्नने १९३४-३५ ला त्याचा ऑर्केस्ट्रा केला आणि एप्रिल १९३५ ला लंडनला बीबीसीसाठी स्वतः कंडक्ट केला. त्याच्यात राजाची थीम एक वाद्य पुरी वाजवतच नाही. म्यूट लावलेला ट्रॉम्बोन चार-पाच सूर, लगेच हॉर्न, मग ट्रम्पेट, मध्येच हार्पचा एक ठिपका. थीमचे सांधे कुठे आहेत ते रंगाने दाखवलेत. एकही सूर बदललेला नाही हे लक्षात घ्या, सूर बाखचेच. आणि तरी पहिल्या अर्ध्या मिनिटात शपथेवर सांगाल की हा बाख नाही. स्टोकोव्स्की सांधे पुसतो आणि वेबर्न सांधेच वाजवतो, असं एका वाक्यात म्हणता येईल. उत्तररात्र यांच्या 'ऑर्गन आतून कळलेला' या मापाने वेबर्न नापास, पण मग ते मापच अपुरं आहे असं मी म्हणेन. ट्रान्सक्रिप्शनने वाद्याशी इमान राखायचं की रचनेशी?

उत्तररात्र

सहा आवाज, जबरदस्त प्रतिसाद. मापाबद्दल अर्धवट मान्य. वेबर्नला ऑर्गनचं घेणंदेणंच नव्हतं, रिचेरकार ऑर्गनचा नाहीच, त्यामुळे तिथे माझं माप लावत नाही. शोनबर्गला मात्र लावणार. तो ऑर्गनचा तुकडा उचलतो आणि म्हणतो ऑर्गनवर हे ऐकू येत नाही. चांगला ऑर्गनवाला दोन कीबोर्डवर वेगवेगळे स्टॉप लावून, सूर कमी-जास्त तोडून ते ऐकवतो की.

लाइपझिगची_लोकल

मी बारा गावचं पाणी पिऊन सध्या लाइपझिगला. थॉमसकिर्शमध्ये (बाख काम करायचा त्या चर्चमध्ये) दर शनिवारी दुपारी तीनला मोटेट (धार्मिक गायनाचा कार्यक्रम) असतो, मुलांचा कॉयर आणि ऑर्गन, जमेल तेव्हा जाते. इथे गंमत अशी की बाख ज्यावर वाजवायचा तो ऑर्गन आता नाहीच. पश्चिमेच्या सज्जात आहे तो सावर नावाच्या ऑर्गन बांधणाऱ्याचा १८८९ चा, म्हणजे ब्राम्सच्या काळातला, गुबगुबीत आवाजाचा, आणि दुसरा मुद्दाम बाखसाठी बांधलेला वोल यांचा, तो २००० सालचा. दोन्हींवर तेच प्रेल्युड ऐकलं तर दोन वेगळी माणसं बोलतायत असं वाटतं. तेव्हा चिकू म्हणतायत तो 'मूळ ऑर्गन' कोणता, हे आधी ठरवावं लागेल. सावरवरचा बाख हेही एक ट्रान्सक्रिप्शनच झालं ना एका अर्थी?

बाखच्या कानाच्या जवळ जायचं असेल तर इथून नाउमबुर्गला जा, सेंट वेन्सेल चर्च, हिल्डेब्रांटचा ऑर्गन. १७४६ ला तो तयार झाल्यावर तपासायला बाख आणि ऑर्गन बांधणारा झिल्बरमान दोघं आले होते. पेडलचा आवाज कानात येण्याआधी बाकड्यातून वर येतो. स्टोकोव्स्कीचे डबल बेस त्याच्यामागे धावतायत असं तिथे बसल्यावर मला वाटलं, त्यामुळे मत धागाकर्त्यांच्या बाजूने.

कॅसेट_साईड_बी

स्टोकोव्स्कीच्या नावावरची ट्रान्सक्रिप्शन्स खरंच त्याची का, ही कुजबुज जुनी आहे. फिलाडेल्फियात ल्युसियें कायिए नावाचा क्लॅरिनेटवाला होता, ऑर्केस्ट्राचा अरेंजरही तोच, आणि बरंचसं लिखाण त्याने केलं असं म्हणणारे आहेत. दुसरीकडे स्टोकोव्स्कीच्या हातचे स्कोअरही दाखवतात. मला यात आपल्याकडची हिंदी सिनेमाची रेकॉर्डिंग रूम दिसते. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही सगळी गोव्याची मंडळी, नोटेशन येणारी, चर्चच्या शाळेत हार्मनी शिकलेली. चाल संगीतकाराची, पण व्हायोलिनचा आख्खा ताफा काय वाजवणार हे यांनी लिहायचं आणि पोस्टरवर नाव कुणाचं ते तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा कायिएबद्दल माझी सहानुभूती आधीपासूनच तयार आहे, पुरावा असो नसो :D

आगाऊ_म्हादबा

नावावरून आठवलं. इंग्लंडचा कंडक्टर हेन्री वुड, प्रॉम्सवाला (लंडनच्या उन्हाळी मैफली). याने बाखची ऑर्केस्ट्रेशन्स स्वतःच्या नावाने केली की टीकाकार धरून हाणायचे. मग पठ्ठ्याने १९२९ ला हाच डी मायनर टोकाटा ऑर्केस्ट्रासाठी केला आणि कार्यक्रमात नाव टाकलं पॉल क्लेनोव्स्की, ग्लाझुनोव्हचा तरुण रशियन शिष्य, बिचारा वारला. टीकाकार खूश, व्वा काय रंग, रशियन रक्तच वेगळं. पाच वर्षांनी ऑक्सफर्ड प्रकाशनाने स्कोअर छापायला घेतला तेव्हा भांडं फुटलं. सोवळ्या कानांची परीक्षा घ्यायची तर अशी घ्यावी. (चिकूताई हलके घ्या)

चिकूची_फोड

हलकं घेतलं. पण त्यातून टीकाकार दांभिक होते एवढंच सिद्ध होतं, ऑर्केस्ट्रेशन चांगलं होतं हे नाही.

आणि एल्गरबद्दल कुणीच बोललं नाही अजून. सी मायनर फँटेझिया आणि फ्यूग (बीडब्ल्यूव्ही ५३७), आधी १९२१ ला फ्यूग केला, १९२२ ला फँटेझिया. शेवटाकडे टँबोरीन वाजतं हो. टँबोरीन! बाखच्या फ्यूगमध्ये! वर दोन हार्पचे फराटे. आपली साधनं बाखकडे असती तर त्याने स्वतःला किती झगमगीत केलं असतं ते मला दाखवायचंय, असं एल्गरने मित्राला लिहिलं होतं. झगमगीत झालं खरं.

सहा_आवाज

एल्गरची बाजू घ्यायचा मोह होतोय. १९२० ला बायको गेली आणि त्याच्या हातून नवीन काही होईना. आता स्वतःचं सुचत नाही म्हणून बाखसारख्यांच्या आधाराने चाललंय, असं त्याने कंडक्टर गूसन्सला लिहिलंय, आणि फ्यूगचा पहिला प्रयोग गूसन्सनेच केला. हे माहीत असलं की फँटेझियाची सुरुवात वेगळी ऐकू येते, बास ड्रमचे ते ठोके आणि वर ओबोची रडवेली ओळ. मूळ ठरलेलं असं सांगतात की फँटेझिया रिचर्ड श्ट्राउसने करायची, त्याला बाखला शोभेल असा छोटा ऑर्केस्ट्रा हवा होता, एल्गरला मोठा, मग दोन्ही शेजारी ठेवून बघू. श्ट्राउसने काही केली नाही. केली असती तर या धाग्याची गरजच पडली नसती. श्ट्राउसने बरोकमध्ये हात घातला तो फ्रेंच कुपरँच्या हार्पसिकॉर्डच्या तुकड्यांत, १९२३ चा टांझस्वीट, आणि तो खरंच हलक्या हाताचा आहे.

तिसरी_घंटा

हे सगळं वाचून डोकं गरगरलंय पण ऐकायचंय. कुठून सुरू करू? भीतीदायक नको.

उत्तररात्र

भीतीदायक नको तर बाखपासून सुरू करूच नका :) इटलीच्या रेस्पिगीचा 'पक्षी' (१९२८) लावा. जुन्या हार्पसिकॉर्ड आणि ल्यूटच्या तुकड्यांचा छोट्या ऑर्केस्ट्रासाठी केलेला स्वीट, त्यात रामोची कोंबडी आहे, पास्क्विनीची कोकिळा आहे, आणि कोंबडी अगदी कोंबडीसारखी टकटक करते. हार्पसिकॉर्डवर जे बोटांच्या टोकाने होतं ते व्हायोलिनवाले गजाने करतात, पटकन कळतं ट्रान्सक्रिप्शन म्हणजे काय. मग त्याच रेस्पिगीने केलेला बाखचा पासाकाल्या, कंडक्टर टोस्कानीनीने मागितला म्हणून १९३० ला केलेला, आणि लगेच स्टोकोव्स्कीचा तोच पासाकाल्या. रेस्पिगीचा शेवट पितळी वाद्यांनी भिंती हलवतो, तो रोममधून आलाय हे लपत नाही.

एकत्र हवं असेल तर एसा-पेक्का सालोनेनने लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर एक अख्खी सीडी केलीय, तिच्यात स्टोकोव्स्की, एल्गर, शोनबर्ग, वेबर्न सगळे आहेत. नुसता स्टोकोव्स्की हवा तर बामर्टची बीबीसी फिलहार्मोनिकबरोबरची किंवा सेरेब्रिएरची बोर्नमथबरोबरची. तूनळीवर बहुतेक सापडेल. हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर पेडल जातं वाहून.

वसईचा_अल्टो

यादीत एव्हिसन राहिला. न्यूकॅसलचा चार्ल्स एव्हिसन, याने १७४४ ला दोमेनिको स्कार्लात्तीच्या हार्पसिकॉर्ड सोनाटांचे १२ कॉन्सर्टो ग्रोसो (वादकांचा छोटा गट आणि बाकीचा ऑर्केस्ट्रा यांच्यातली रचना) करून छापले. स्कार्लात्ती हयात, बाखही हयात. म्हणजे कीबोर्डचा ऑर्केस्ट्रा करणं हे विसाव्या शतकातलं खूळ नाही, त्याच काळातला धंदा आहे. चिकूताईंनाही चालेल असा, टँबोरीन नाही.

चिकूची_फोड

एव्हिसन चालेल. आवडतो सुद्धा.

पण एक सांगा, ज्या ५६५ वरून एवढं चाललंय तो मुळात बाखचा आणि ऑर्गनचा तरी आहे का? अभ्यासक पीटर विल्यम्सने १९८१ ला शंका काढली होतीच. बाखच्या हातची प्रत नाही, जुनी आहे ती योहानेस रिंकने केलेली नक्कल. सुरुवातीला दोन्ही हात सप्तकाच्या अंतराने एकच वाजवतात, फ्यूगची थीम एका सुरावर परत परत येते जशी व्हायोलिनच्या मोकळ्या तारेवर यावी. एकट्या व्हायोलिनचा तुकडा असावा असं म्हणतात.

लाइपझिगची_लोकल

त्यावर बाखचा अभ्यासक क्रिस्टोफ वोल्फचं उत्तर आहे ना, की तरुणपणी आर्नश्टाटच्या ऑर्गनवर हाताला १६ फुटी स्टॉप नव्हता म्हणून बाखने सप्तक हातानेच भरलं.

उत्तररात्र

आणि समजा असलाच व्हायोलिनचा, तर मग ऑर्गनवरचा ५६५ हेच ट्रान्सक्रिप्शन, आणि स्टोकोव्स्कीने तो उचलून परत पस्तीस-चाळीस व्हायोलिनांच्या हातात दिला. माझी केस मजबूतच झाली चिकू, धन्यवाद!

चिकूची_फोड

पस्तीस-चाळीस म्हणजे एक नव्हे.

आगाऊ_म्हादबा

कँटाटा २९ चा तो सिंफोनिया निघालाच आहे तर सांगून ठेवतो, वेंडी कार्लोसने १९६८ ला मूग सिंथेसायझरवर बाखची जी तबकडी काढली तिची सुरुवात त्याच सिंफोनियाने होते. एक व्हायोलिन, मग ऑर्गन आणि ट्रम्पेट, मग वायरी आणि बटणं. एकेक आवाज वेगळा रेकॉर्ड करून वर चढवलेला, म्हणजे शोनबर्गला हवी तेवढी स्वच्छता. यावर चिकूताईंचं मत ऐकायला आवडेल.

चिकूची_फोड

म्हादबा, वेगळा धागा काढा. येते तिकडे.